"दोन मिनिटांत भाव पाडला" या रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात. धनत्रयोदशीला दोन जुनी नाणी तपासून घ्यायला आलात तेव्हा तुम्हाला आणि तुमच्या सासऱ्यांना पाऊण तास ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या दिवशी सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते हे खरं, पण वयस्कर माणसाला बसायला द्यायलाच हवं होतं. ती चूक आमचीच.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "भिंगातून दोन मिनिटं बघितल्यासारखं केलं, घासलेलं आहे म्हणून रुपयाचा भाव पाडला आणि लाखी नाणं तर बोगसच ठरवलं." (लाखी म्हणजे टाकसाळीतल्या चुकीमुळे एकाच बाजूचा छाप दोन्हीकडे, एकीकडे सरळ आणि दुसरीकडे उलटा दबलेला, असं नाणं.) ताई, बाकीचं सोडा, ते "दोन मिनिटं" मनाला लागलं. तपासणीची पावती 12 वाजून 10 मिनिटांनी फाडली, वेळ छापलेली आहे. तुम्ही पायऱ्या उतरलात तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मागे सात-आठ गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यातली दोन निघून गेली. तरी मी घाई केली नाही.

तुमचा पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया आधी काट्यावर ठेवला, तुमच्यासमोर. टाकसाळीतून निघताना त्याचं वजन 11.66 ग्रॅम असतं, तुमचा 11.41 भरला. वापरातल्या नाण्याची एवढी झीज होतेच. कडेच्या रेघाही बघितल्या. नाणं अस्सल आहे हे मी सगळ्यात आधी सांगितलं, रिव्ह्यूमध्ये ते कुठेच नाही.

मग हत्ती बघितला. 1911 चा रुपया लोक घेतात तो राजाच्या झग्यावरच्या त्या इवल्याशा हत्तीसाठी. त्याची सोंड आखूड आली, लोकांना ते डुक्कर वाटलं, ओरड झाली आणि नाणी परत मागवली गेली. 1912 च्या रुपयावर तो सुधारून काढला. (बरेच जण याला छपाईची चूक म्हणतात. छपाई चुकली नव्हती, कोरणाऱ्याने जसा कोरला तसाच उमटला.) हा हत्ती उठावदार जागी असल्यामुळे लवकर झिजतो. तुमच्या रुपयावर त्याची फक्त बाह्यरेषा उरली आहे.

आता घासण्याचं. न घासलेलं आणि फारसं न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. तुमच्या रुपयावर तो जागेवरच थांबत होता. नुसत्या वापरानेही तसं होतं, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. राजाच्या गालावर केसासारखे ओरखडे, सगळे एकाच दिशेने, आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी पूड. ती कसली, हे मला शोधावं लागलं नाही. "काल रांगोळीने घासून लख्ख करून आणलाय, पूजेला ठेवायचा होता," हे तुमच्या सासऱ्यांनीच कौतुकाने सांगितलं. त्यात त्यांचा दोष नाही. आमच्या घरीही आजी पूजेचे रुपये असेच घासायची. पण चांदीवर चढलेली ती काळपट झाक म्हणजे मळ नव्हे, नाण्याचं वय असतं. एकदा गेली की परत आणता येत नाही, आणि घेणारा तिचेच पैसे मोजतो. मी भाव पाडला नाही ताई, जो होता तो सांगितला.

लाखी नाण्याबद्दल "बोगस" हा शब्द माझ्या तोंडचा नाही. "हे टाकसाळीत झालेलं नाही, नंतर केलेलं आहे," असं मी म्हणालो. खरी लाखी कशी होते? छापा पडल्यावर एखादं नाणं साच्यालाच चिकटून राहतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला राजा नेहमीसारखा उठतो आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्यावरचा राजा उलटा, आत दबलेला. त्या बाजूच्या साच्याचा चकतीला स्पर्शच होत नाही. म्हणजे तिथे आकडा, अक्षर काही उमटूच शकत नाही. तुमच्या पाव आण्याच्या नाण्यावर दबलेल्या चेहऱ्याखाली मूळची अक्षरं दिसतात, आणि वरच्या बाजूला राजाचं नाक, मिशी चपटी झाली आहे. दोन नाणी एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळली की अगदी असंच होतं. ते तुम्ही केलंत असं मी म्हटलं नाही, मनातही आणलं नाही. भिंग मी तुमच्यापुढे धरलं होतं. तुमचे चिरंजीव व्हिडिओ काढत होते आणि "नेटवर अडीच लाखाला आहे" म्हणत होते. जाहिरातीत कोणीही काहीही आकडा टाकू शकतो. घेणारा किती देतो, तो भाव.

बावीस वर्षं हा धंदा करतोय, गाळा भाड्याचा आहे. नवीन माणूस आधी स्टार बघतो, मग दुकान. म्हणून एवढं लांबलं. माझ्यावर विश्वास नसेल तर दोन्ही नाणी आणखी कोणालाही दाखवा. अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आपल्या नाशिकजवळच आहे, तिथे एकदा नाणी बघून या आणि मग तुमची परत भिंगाखाली धरा. तपासणीचे 150 रुपये परत हवे असतील तर पावती घेऊन या, देतो. स्टुलं वाढवतोय, सणाच्या गर्दीत तपासणीचं काय करायचं तेही बघतो.

आणि तो रुपया तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला होता. त्यातून काढून कागदी पाकिटात ठेवा, धरताना कडेने धरा. पुढच्या लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू पाकिटावर वाहा, रुपयाला आता रांगोळी लावू नका.

तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.
— दुकानाचा मालक