बायोसला दिसत नाही म्हणून डिस्क मेली?

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. राजेंद्रनगरमधून निघतो, सुदामानगरात पोहोचतो, संध्याकाळी परत आपल्याकडे येतो. मथितार्थ असा (बायोस म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम): "विंडोज असो की लिनक्स, बायोस सांगेल तेवढंच त्याला दिसतं. बायोसमध्ये हार्ड डिस्क दिसली नाही तर ती मेली, डेटा गेला. बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना दिसत नाही, तर ती डुप्लिकेट. आकडा कमी दिसला तर दुकानदाराने फसवलं." हे वाचून लोक चांगल्या डिस्का भंगारात देतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिलं विधान डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, काळात खरं होतं. डॉस डिस्कशी बोलायचा तो बायोसच्या 'इंटरप्ट १३' या सेवेमार्फत, आणि त्या जुन्या पद्धतीत ८.४ जीबीच्या पुढचं काही दिसायचंच नाही. आज फर्मवेअरचं (बायोससारखं, हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) मुख्य काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत येईपर्यंतचं. (म्हणूनच बायोसला न दिसणाऱ्या डिस्कवरून मशीन बूट होत नाही, मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच.) त्यानंतर कर्नल पीसीआय बसवर (मशीनचे भाग जोडणाऱ्या मार्गावर) डिस्कचा कंट्रोलर स्वतः शोधतो, प्रत्येक पोर्ट रिसेट करतो आणि डिस्कलाच 'आयडेंटिफाय' आज्ञा देतो. वॉचमनला न विचारता थेट घरमालकाचं दार वाजवावं तसं. डिस्क ५१२ बाइटांचं उत्तर देते: मॉडेल, सिरियल नंबर, एकूण सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे). विंडोजचा ड्रायव्हरही (उपकरण चालवणारा प्रोग्राम) हेच करतो.

आता डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर तरी कुठे धुतल्या तांदळाचं असतं? यूएसबीच्या काही डिस्कांना शेवटच्या सेक्टरचा क्रमांक विचारला तर त्या एकूण संख्या सांगतात. मोजणी शून्यापासून असल्याने उत्तर एकाने जास्त येतं आणि कर्नल नसलेला सेक्टर वाचायला जातो. लिनक्समध्ये अशा उपकरणांची यादीच आहे. नाव जुळलं की एक वजा. काही एनव्हीएमई (थेट पीसीआयवर बसणाऱ्या वेगवान) डिस्का 'जगात एकमेव' म्हणून जो ओळख क्रमांक देतात तोच त्यांच्या भावंडांकडेही असतो. त्यांचा क्रमांक सरळ दुर्लक्षिला जातो. अशा अपवादांना 'क्वर्क' म्हणतात. वर्षानुवर्षं त्यांत भर पडत आली आहे आणि कोणत्याही कंपनीचं नाव मोठं म्हणून तिला सूट नाही.

"दिसत नाही म्हणजे मेली." बायोस घाईत असतो, त्याला मशीन लवकर सुरू करायचं असतं. लिनक्सचा साटा (डिस्क केबलने जोडायची नेहमीची पद्धत) ड्रायव्हर मात्र डिस्क उठेपर्यंत थांबतो: १० सेकंद, पुन्हा १०, मग ३५, शेवटी ५. सोर्स कोडमध्ये या शेवटच्या पाचापुढे गमतीने 'अखेरची गोड संधी' अशा अर्थाची टीप आहे. डिस्कशी जोडणी टिकत नसेल तर तो वेग सेकंदाला ६ गिगाबिटवरून ३ वर, तिथून १.५ वर उतरवून पाहतो. लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, वेग उतरवल्याची ओळ दिसली तर आधी केबल बदला. इंदूरच्या जेल रोडच्या बाजारात साधी साटा केबल नव्या डिस्कच्या किमतीपुढे काहीच नाही.

आणि फर्मवेअर बिघडणं म्हणजे डेटा जाणं नव्हे. २००९ च्या सुरुवातीला सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या कित्येक डिस्का फर्मवेअरमधल्या दोषामुळे बायोसमधून गायब होत होत्या, पण आतल्या तबकड्यांवरचा डेटा जागेवरच होता. उलट उदाहरणही देतो, नाहीतर माझाच मेसेज फॉरवर्ड व्हायचा. २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील आणि त्यांवरचा डेटाही परत मिळणार नाही. त्यामुळे बॅकअप हवाच. डिस्क खटखट वाजत असेल तर मात्र प्रयोग करत बसू नका, लगेच बंद करा.

"बायोसमध्ये दिसते, विंडोजमध्ये नाही, म्हणजे डुप्लिकेट." छे! इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे अनेकदा त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो पेनड्राइव्हवर घ्या, 'लोड ड्रायव्हर' दाबा. आधीच विंडोज असलेल्या मशीनवर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करू नका, निळी स्क्रीन येऊ शकते.

आकड्याचं म्हणाल तर १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. खरी फसवणूक उलट्या दिशेची असते: चारपाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह. त्याच्या फर्मवेअरमध्येच खोटा आकडा भरलेला असतो, आणि यादीत नाव नसल्याने ऑपरेटिंग सिस्टिम तो खरा मानते. इथे तिचंही काही चालत नाही. 'एफ३' सारख्या प्रोग्रामने तो पेनड्राइव्ह पूर्ण भरा, परत वाचून जुळवा, आणि तोवर त्यावर कामाचं काही ठेवू नका.