ती थोबाडीत तिच्यासाठी नव्हती

आज लिफ्टमध्ये एक बाई मला म्हणाल्या, "काल पुन्हा चालू होतं वाटतं तुमच्याकडे? दोन ठेवून द्या हो, आपोआप सरळ होते की नाही बघा." बोलत होत्या माझ्या लेकीच्या रागाच्या भडक्यांबद्दल, आणि लेक माझ्या शेजारीच उभी होती. आठ वर्षांची आहे, तिला सगळं ऐकू येतं. ती लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिली. आणि मी गप्प बसले. सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितेय.

दोन ठेवून द्या म्हणे. दिली होती एक, गेल्या वर्षी.

त्या दिवशी पाचला निघायचं, असं मी तिला सकाळपासून सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांनी घाई केली आणि मी साडेचारलाच "चल, चप्पल घाल" म्हटलं. तुमच्या-माझ्या हिशेबी अर्धा तास. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. किंचाळली, चप्पल भिरकावली, ती चप्पल कपाटाच्या काचेवर जाऊन आदळली. खोलीत चार मोठी माणसं होती आणि चौघंही माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. माझा हात उठला. ती तत्क्षणी गप्प झाली. "बघ, झाली की नाही गप्प?" कुणीतरी समाधानाने म्हणालं.

गप्प झाली, हो. पुढे मी केस विंचरायला कंगवा उचलला की तिचे खांदे कानापर्यंत वर जायचे. पाणी सांडलं तरी सॉरी, शिंक आली तरी सॉरी. आणि भडके? ते जसेच्या तसे. उलट भडका उडून गेल्यावर ती माझ्याकडे यायची, ते बंद झालं. पलंगामागे जाऊन बसायला लागली. कंगवा बघून खांदे वर जाणं थांबायला पाच महिने लागले.

समुपदेशक ताईंनी आम्हाला एक वही करायला सांगितली. भडका कधी उडाला, त्याआधी काय चाललं होतं, नंतर आम्ही काय केलं, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत जे दिसलं ते बघून मला रडू आलं. झोप कमी झालेली, भूक लागलेली, गोंगाट, किंवा ठरलेलं ऐनवेळी बदललेलं. जवळजवळ दरवेळी यातलं काहीतरी होतंच. 'कशावरूनही भडकते' असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते. कारणं होती, मी बघितली नव्हती. सगळीच सापडलीत असं नाही. काही दिवस आजही आभाळ कोसळल्यासारखे येतात आणि वहीत लिहायला काहीच नसतं.

डॉक्टरांकडेही जाऊन आलो. सतत चिडचिड आणि वारंवार भडके असतील तर त्याला एक निदान आहे, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात आलेलं. पण त्यासाठी आठवड्यातून सरासरी तीन किंवा जास्त भडके, वर्षभर, आणि मधल्या काळातही रोज बहुतेक वेळ चिडलेला मूड, असं सगळं असावं लागतं. आमची लेक मधल्या वेळात खळखळून हसते. अस्वस्थता, एकाग्रतेचा त्रास, स्वमग्नता (ऑटिझम), यांच्यापोटीही असं होऊ शकतं म्हणून अजून तपासण्या चालू आहेत. नाव काय मिळायचं ते मिळेल. एक मात्र मी मनात पक्कं धरलंय. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. आठव्या वर्षी तिच्याकडे तो लगाम पुरता आलेलाच नाही, आणि तिचा घोडा बाकीच्यांपेक्षा जोरात धावतो.

आणि ते "आमच्या वेळी असली नाटकं नव्हती"! होती. प्रत्येक घरात एक तापट काका असतो ना, ज्याच्या चपलांचा आवाज आला की सगळं घर चिडीचूप होतं? तोही कधीतरी आठ वर्षांचा होता. त्यालाही दोन ठेवून दिल्या होत्या. दोन नाही, शेकडो. झाला सरळ?

शाळेत म्हणतात, "आमच्याकडे तर अगदी शांत असते." म्हणजे खोट घरात, खरं तर आईतच. दिवसभर दात-ओठ आवळून स्वतःला धरून ठेवलेलं पोर जिथे सुरक्षित वाटतं तिथेच फुटणार ना? नवरा तिला घेऊन नुसता जिन्यात उभा राहिला तरी "किती सांभाळून घेतो" म्हणतात. मी तिथेच उभी राहिले तर "लाडावून ठेवलंय".

बरं, मान्य. लाडाने बिघडलेली मुलंही असतात. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो, हेही खरं. आणि वस्तू फेकलेली, कुणाला मारलेलं आमच्याकडेही चालत नाही. पण ते तिला सांगायचं ती शांत झाल्यावर. भडक्याच्या मध्यात तिला माझं एक वाक्यही ऐकू येत नाही. तेव्हा मी फुटणाऱ्या वस्तू बाजूला करते, हातभर अंतरावर खाली बसते आणि तोंड बंद ठेवते. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. निघायचं असेल तर आधी वीस मिनिटं, मग दहा, मग पाच असं सांगते, आणि सांगितलेली वेळ मोडत नाही. पाहुणे थांबतात. थांबू देत.

तुम्ही सगळे माझी माणसं आहात, तुम्ही कुणी तिला मारा म्हणणार नाही, मला माहीत आहे. पण बघता तुम्हीही. रस्त्यात, समारंभात असं पोर दिसलं की मान वळतेच. आणि त्या आईला कळतं की आता सगळे निकालाची वाट बघताहेत. माझी ती थोबाडीत लेकीसाठी नव्हतीच, त्या चार जोड्या डोळ्यांसाठी होती. सात-आठ वर्षांच्या पोराच्या गालावर आपण मोठ्यांना उत्तर देतो. म्हणून मान वळवू नका. गप्पा चालू ठेवा. ओळखीची असेल तर तिची पिशवी धरा, धाकटं असेल तर त्याला घ्या. सल्ला नको.

लिफ्टमधून बाहेर पडल्यावर लेकीने विचारलं, "त्या काकूंना कसं कळलं?" मी म्हटलं, भिंती पातळ आहेत. मग दिवसभर ती काही बोलली नाही.

आत्ता रात्री केस विंचरायला बसलो. मी कंगवा उचलला आणि तिचे खांदे वर गेले. इतक्या महिन्यांनी. मी कंगवा तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे पाठ करून बसले. ती माझे केस विंचरत होती, बराच वेळ, अगदी हळू.