आठ दिवसांनी निगेटिव्ह, म्हणजे सुटलो?

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा सल्ला असा: ‘असुरक्षित संबंध आला तर आठ दिवसांनी एचआयव्हीची टेस्ट करा, निगेटिव्ह आली की विषय संपला. लागण झाली असेल तर अंगावर दिसतंच, डॉक्टरांना साध्या रक्ततपासणीतही कळतं. मधल्या काळात करण्यासारखं काही नसतं.’

आठव्या दिवशी कुठलीच टेस्ट खात्री देत नाही. रॅपिड टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते, आणि त्या सापडण्याइतक्या तयार व्हायला तीन महिनेही लागू शकतात. पी-24 अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन, तेही शोधणारी चौथ्या पिढीची लॅब टेस्ट लवकर पकडते, तरी तिच्या निगेटिव्हवर विसंबायला दीड महिना जावा लागतो. डेंग्यूत हे आपल्याला पाठ आहे: आधी एनएस-1 (विषाणूचं प्रथिन) सापडतं, आयजीएम (अँटिबॉडी) नंतर.

‘अंगावर दिसतंच’ हे अर्धंच खरं. दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, पुरळ उठतं, मानेत गाठी येतात. काहींना काहीच होत नाही. आणि दिसलं तरी ओळखतं कोण? ऑगस्टमध्ये असा पेशंट फॅमिली डॉक्टरकडे जातो. प्लेटलेट्स जरा कमी, एनएस-1 निगेटिव्ह. ‘व्हायरल आहे’, पॅरासिटामॉल, तीन दिवसांनी या. ताप आपोआप उतरतो आणि निदान बरोबर होतं असं दोघांनाही वाटतं. नेमक्या याच आठवड्यांत रक्तात विषाणू प्रचंड असतो, जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही मोठा. संबंधांविषयीचा एक प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा. पेशंट स्वतःहून बोलेल, ही अपेक्षा कसली? बाहेर बाकड्यावर सासरे बसलेले असतात!

साध्या रक्ततपासणीचं म्हणाल, तर सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एचआयव्ही कळत नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही टेस्ट संमतीशिवाय करताही येत नाही. तुम्हाला विचारलं नसेल, तर ती झालेली नाही असंच धरून चाला.

सल्ल्यातलं शेवटचं वाक्य, ‘करण्यासारखं काही नसतं’, सगळ्यांत घातक. संबंधानंतर 72 तासांच्या आत ‘पेप’ची, म्हणजे लागण रोखण्यासाठीची, औषधं सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं, कोर्स 28 दिवसांचा. आठ दिवस वाट बघणाऱ्याची ती संधी हुकलेली असते. त्यानंतरही सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते. पॉझिटिव्ह आलात तर 2017 पासून सीडी-4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असो, एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधं) लगेच सुरू होते, तीही मोफत. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 ही एड्स हेल्पलाइन लावा.