गेट कुणी उघडलं?

काल आमच्या सामानाचा टेम्पो आमच्याच सोसायटीच्या गेटबाहेर पाऊण तास उभा होता. किल्ली वॉचमनकाकांकडे, आणि वॉचमनकाका माझ्यावर रुसलेले.

गुन्हा एवढाच, की पुण्यातला हा 68 लाखांचा रीसेल फ्लॅट आम्ही एजंटशिवाय घेतला. दोन टक्के दलाली म्हणजे 1 लाख 36 हजार! त्यापेक्षा 25 हजारांत वकीलबाई गाठल्या. त्यांनी फ्लॅटच्या मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च काढला, पेपरात जाहीर नोटीस दिली, इंडेक्स टूमध्ये, म्हणजे जुन्या खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यात, मालकांच्या आडनावाची चुकलेली वेलांटीसुद्धा पकडली. खरेदीखत एकट्या बायकोच्या नावावर केलं, म्हणून मुद्रांक शुल्क सातऐवजी सहा टक्के. मी मनातल्या मनात स्वतःला शालश्रीफळही देऊन टाकलं होतं.

"आमचं काय, साहेब?" काका म्हणाले.

"तुमचं काय?"

"पयल्यांदा आलात तवा गेट कुणी उघडलं?"

"तुम्ही."

"मग फ्लॅट दाखवला कुणी?"

"मालकांनी."

"गेट उघडलं नसतं तर मालक काय टेलिफोनवर दाखवनार होते?"

"अहो, वर मी लिफ्टने एकटा गेलो. बटणही मीच दाबलं."

"पन लिफ्ट चालू कुणी ठेवली?"

यावर मी काय बोलणार?

"एक टक्का द्या," काका म्हणाले. "दोन नको. एजंट लोक लुटतात."

मी वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काकांना लेखी काही दिलंय का?"

"नाही. चहा पाजला होता."

पलीकडे शांतता. "किती वेळा?"

तेवढ्यात सेक्रेटरी खाली आले. वाटलं, सुटलो. त्यांनी देणगीची आठवण करून दिली. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते पैसे, 25 हजारांच्या वर घेता येत नाही, असं 2001 चं सरकारी परिपत्रक आहे. ते मी प्रिंट काढून नेलं होतं. सेक्रेटरींनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "बरोबर आहे. आपण प्रीमियम 25 हजारच घेतो. हे 50 वेगळे, ऐच्छिक." ऐच्छिक म्हणजे, ते दिल्याशिवाय सोसायटीच्या सभासदत्वाच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवायची कमिटीला इच्छा होत नाही. पावतीवर 'इमारत निधी' लिहिणार. इमारतीचा जिना 30 वर्षांत एकदाही रंगवलेला नाही, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. रात्री अंथरुणात सगळं सुचलं.

टेम्पोवाला वेटिंगचे वेगळे मागू लागला. एवढ्यात मागून रिक्षाने बायको आली. तिने काकांच्या हातावर 500 ची नोट ठेवली, "मुलांना खाऊ न्या" म्हणाली. गेट सताड उघडलं.

"फ्लॅट बाईंच्या नावावर हाय का?" काकांनी मला विचारलं.

"हो."

"मग तुमी इतका वेळ कशापायी बोलत व्हता?"