गाडी खाली बसलीया

कोल्हापुरात दुसऱ्याच्या गाडीबद्दल मत द्यायला ओळख लागत नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला हाताने खुणावून काच खाली घ्यायला लावतो. आपल्याला वाटतं दार उघडं राहिलं असेल. तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, "काका, मागनं डाव्या अंगाला बसलीया गाडी." सिग्नल सुटतो, तो निघून जातो, आणि आपण पुढे कितीतरी दिवस रोज सकाळी फाटकात उकिडवे बसून डावं चाक आणि उजवं चाक आळीपाळीने न्याहाळत राहतो. दूधवाला येतो, तोही शेजारी उकिडवा बसतो. "व्हय, बसलीया," म्हणतो.

माझी गाडी 1996 ची मर्सिडीज ई 220. जाणकार हिला डब्ल्यू 124 म्हणतात. मर्सिडीजने 1995 मध्ये पुण्याजवळ, टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात भारतातली जुळवणी सुरू केली ती याच गाडीने. त्या काळी हिच्यातून कारखान्यांचे चेअरमन उतरायचे. आज हिच्यातून मी उतरतो. जुन्या जर्मन मोटारीचं या गावाला वावडं नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात आली की माणसं टाचा उंच करकरून बघतात. फरक इतकाच की मेबॅककडे बघून कुणी "शॉकअप गेल्यात" म्हणत नाही.

शॉकअप, म्हणजे चाकांचे धक्के पिणारे दांडे, गेले होते हे खरंच. गाडीच्या पोटातून आवाज यायचे आणि प्रत्येक आवाजाचं ठिकाण ठरलेलं होतं. खड्ड्यात गेली की पुढून "खट्ट", वळताना "कुंईं", आणि स्पीडब्रेकरवर मागच्या सीटखालून एक खोल, खानदानी "धप्प". भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं लिहिलंय. आमच्या पेठेतल्या मंडळाने उंचीचा आकडा मनावर घेऊन वर थोडी भर घातली आणि रुंदीत काटकसर केली. परिणामी तिथे गाडी चढत नाही, टेकते.

घरात आईने असहकार पुकारला. "मी न्हाई बसत त्या गाडीत. उतरताना विहिरीतनं काढल्यागत वर काढायला लागतंय मला." तिच्या गुडघ्यांचा विचार करता गाडी वर घ्यायला हवी होती.

भाच्याचं म्हणणं नेमकं उलटं. त्याला मोबाइलवर जर्मनीतल्या गाड्या दिसतात, रस्त्याला पोट घासत चालणाऱ्या. "मामा, अजून दोन इंच खाली घ्या. लूक येतोय बघा. आमच्या मित्राचं गॅरेज हाय. स्प्रिंगचा एक वेढा कापायचा, विषय संपला." वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते, त्याबरोबर कडकही होते, कारण तेवढंच वजन आता कमी वेढ्यांनी पेलायचं असतं. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं. मग गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे, तेही सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यावं लागतं आणि पुढचं तोंडावर आलंय, हेही. तो म्हणाला, "मामा, कोल्हापुरात कलम 52 ला कोण ओळखतंय?"

समोरच्या बंगल्यातल्या आबांचे ट्रॅक्टर साखर कारखान्याला ऊस ओढतात. त्यांचं निदान एका वाक्याचं होतं. "मागं एक पाटा वाढवा." मी म्हटलं, आबा, हिला ट्रकसारखे पाटे नाहीत, वेढ्यांच्या स्प्रिंगा आहेत. आबांनी खाली वाकून पाहिलं आणि दुःखाने मान हलवली. एवढ्या महागाच्या गाडीला कंपनीने पाटे दिले नाहीत, हे त्यांच्या मनाला लागलं. जाताना म्हणाले, "बसवून घ्या मग."

बाजारात तिसरा एक उपाय मिळतो: स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर. गाडी पटकन वर येते आणि विकणाऱ्यालाही आनंद होतो. पण बफर ज्या वेढ्यांत बसतो ते वेढे हालचालीतून बादच होतात. म्हणजे कापण्याचंच काम, फक्त करवत न वापरता. माझे एक मेहुणे अजून त्यांचीच शिफारस करतात. त्यांच्या गाडीत बसून मी एकदा पन्हाळ्यापर्यंत गेलोय. वीसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावरचा प्रत्येक खडा मला व्यक्तिशः भेटला.

शेवटी गाडी उद्यमनगरात नेली.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं, की शिवाजी उद्यमनगर म्हणजे जिथे "मिळत नाही" हे वाक्य चालत नाही. इथल्या फाउंड्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं आणि मोटारींची कास्टिंगं ओतली. त्यामुळे कुठलाही सुटा भाग दाखवला की समोरचा माणूस तो हातात घेऊन वजन बघतो आणि म्हणतो, "ह्यात काय हाय? देतो की बनवून." मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी तोंडात धरली आणि खाली उतरले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खालून आवाज आला, "साहेब, हे मोजलासा का कधी?"

या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच निरनिराळे आर्म, म्हणजे दांडे, धरून ठेवतात. मर्सिडीजने ही रचना 1982 मध्ये 190 मॉडेलवर पहिल्यांदा आणली. चाक वर-खाली झालं तरी त्याची दिशा बिघडू नये म्हणून एवढा खटाटोप. प्रत्येक आर्मच्या टोकांना सांध्यात बसणारे रबरी बुश, आणि त्यातला बहुतेक रबर आता रबर राहिला नव्हता. "अंबाबाईला चार हात," मिस्त्री वर येत म्हणाले, "आनी हिच्या एका चाकाला पाच." मग लगेच कानाला हात लावून माफी मागितली. कुणाची, ते कळलं नाही.

बोल्ट जाम होते. आधी डिझेल, मग गॅस, मग घण, मग पुन्हा गॅस, असा तो कार्यक्रम चालला. त्याबद्दल एवढंच सांगतो की त्या काळात मिस्त्रींच्या पोरट्या हेल्परचा शब्दसंग्रह चांगलाच वाढला.

बुश घेऊन शेजारच्या टर्नरकडे गेलो ते फक्त प्रेसवर दाबून घ्यायला. नवे बुश मी मागवले होते. टर्नरने नवा बुश दोन बोटांत धरला, दाबला, आणि तो दबला हे पाहून त्याचा चेहरा पडला. "रबर कशाला ओ? गनमेटलचा करून देतो. तुमच्या नातवापर्यंत जाईल." त्याला सांगावं लागलं की हा बुश लेथवरच्या बेअरिंगसारखा फिरत नाही. आर्म हलला की रबर आतल्या आत पिळतो आणि पुन्हा मूळपदावर येतो, आणि रस्त्याचा धडाका तोच पिऊन टाकतो. गनमेटलसारखा कडक धातू बसवला तर बुश टिकेल, आत बसलेला माणूस टिकणार नाही. त्याने ऐकून घेतलं, बुश व्यवस्थित दाबून दिले आणि पैसे घेताना म्हणाला, "तरी बघा. मन बदललं तर एक दिवस आधी सांगा."

स्प्रिंग काढणं हे खरं जोखमीचं काम. या गाडीत स्प्रिंग शॉकअपभोवती नसते, वेगळी असते, खालच्या आर्म आणि बॉडीच्या मध्ये कोंडलेली. गाडीचं वजन साधारण 1400 किलो. ते तोलून धरणारी स्प्रिंग अचानक सुटली तर कुठे जाईल हे ती विचारून ठरवत नाही. स्प्रिंग दाबून धरायचे बाजारातले हुकांचे कॉम्प्रेसर तिथे नीट शिरत नाहीत. वेढ्यांच्या आत दोन तबकड्या घालून मधल्या एका लांब बोल्टने आवळायचं खास हत्यार लागतं. मिस्त्रींचा बेत साखळी, जॅक आणि देवावर भरवसा असा होता. मी पुण्याच्या एका स्नेह्याकडून ते हत्यार आणलं. सगळं उद्यमनगर ते बघायला जमलं. हातोहात फिरलं. "आपल्याकडं केलं असतं तर जरा जाड केलं असतं," असा निकाल लागला. तरी स्प्रिंग त्याच्यात आवळली जात असताना जमलेली सगळी तज्ज्ञ मंडळी हळूहळू चहाच्या टपरीपर्यंत मागे सरकली होती, हे मी पाहिलं.

स्प्रिंग निघाली आणि तिच्या डोक्यावरचं रबरी कडं मिस्त्रींच्या हातात आलं. काळं, चेपलेलं, कडेला भेगा पडलेलं. त्यांनी ते रॉकेलच्या फडक्याने पुसलं, नखाने माती काढली आणि अंगठा फिरवत थांबले. कड्याच्या बाहेरच्या कडेला छोटे छोटे उंचवटे होते. डावीकडच्या कड्याला एक. मग उजवीकडची स्प्रिंग काढली. तिच्या कड्याला तीन.

सगळी भानगड इथे होती. या गाडीची उंची कंपनी या कड्यांनी जुळवते. एक उंचवटा म्हणजे 8 मिलिमीटर जाडी, दोन म्हणजे 13, तीन म्हणजे 18, चार म्हणजे 23. स्प्रिंग आर्मच्या टोकाला नसून अलीकडे बसते, म्हणून कड्यात वाढलेले 5 मिलिमीटर चाकापाशी त्याहून जास्त दिसतात. आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या कुठल्यातरी मिस्त्रीने हाताला लागलं ते कडं घालून दिलं होतं, आणि तेव्हापासून ही गाडी एका अंगावर कलून महाराष्ट्र हिंडत होती. म्हणजे रिक्षावाल्याने चालत्या रहदारीत, नुसत्या नजरेने, कड्यातल्या 10 मिलिमीटरचा फरक ओळखला होता. असा डोळा असलेली माणसं आपल्याकडे मीटर डाउन करत बसली आहेत.

नवी कडी दोन्हीकडे सारखी घातली. किती उंचवट्यांची, हा निर्णय मी आईचे गुडघे, मंडळाचा स्पीडब्रेकर आणि भाच्याचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून घेतला, आणि त्यातला भाच्याचा चेहरा लगेच बाजूला सारला. शॉकअप नवे, स्प्रिंगा नव्या. त्यांची बिलं सांगण्यासारखी नाहीत, सौ. हा लेख वाचणार आहे.

आता राहिले होते बोल्ट आवळायचे. इथे एक गोष्ट शंभरातले नव्वद गॅरेजवाले करत नाहीत, आणि मी हट्टाने करून घेतली. चाकं हवेत लोंबत असताना बुशांचे बोल्ट आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट बसतो. गाडी खाली उतरवली की तो उभ्या उभ्याच पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन तिच्यावर आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा. बीएमडब्ल्यूच्या पुस्तकात तर त्यासाठी सीटवर 68 किलोचं वजन ठेवायला सांगितलेलं असतं, असं मी बोलून गेलो. ते बोलायला नको होतं, असं काही मी म्हणणार नाही. पण मिस्त्रींच्या डोळ्यांत चमक आली.

समोर बुलेटची चेन आवळून घ्यायला तालमीतले चार पैलवान आले होते. "वस्ताद, जरा आत बसता का?"

"अडुसष्ट किलोत आमच्याकडं पोरं खेळतात," त्यांच्यातला थोरला म्हणाला आणि बसला. पाठोपाठ उरलेले तिघे. गाडीने एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि नवीकोरी स्प्रिंग आम्हा सर्वांच्या देखत नम्र झाली. मी मिस्त्रींना म्हणालो, अहो, एवढ्या वजनावर आवळलं तर रिकाम्या गाडीत रबर उलटा पिळेल. खड्ड्यातून उत्तर आलं, "रिकामी कधी फिरवनार तुमी? कोल्हापुरात मोकळी गाडी दिसली की मानसं बसत्यात." या युक्तिवादात दम होता. शेवटी तडजोड झाली: दोघांनी उतरायचं, दोघांनी बसायचं, एक पुढे, एक मागे, तिरक्या कोपऱ्यांत. मागच्याच्या हातात थंडाईचा पेला होता. "हलू नका," मिस्त्री खालून ओरडले. "श्वास घ्या, पन बेतानं." टॉर्क पान्याचा "टक्क" आवाज झाला की पुढचा पैलवान दचकून विचारायचा, "मोडलं का काय?"

चाकांच्या अलाइनमेंटच्या दुकानात मशीनच्या यादीत माझं मॉडेल नव्हतं. मुलगा म्हणाला, "काका, सी क्लासचं टाकू? मर्सिडीजच हाय की." मी कंपनीचे आकडे कागदावर लिहून नेले होते, त्यावर काम भागलं.

आता गाडी चारी अंगांनी सरळ उभी असते. "खट्ट" गेला, "कुंईं" गेली, मंडळाच्या स्पीडब्रेकरवरून ती टेकल्याशिवाय जाते. आई बसते आणि स्वतःची स्वतः उतरते. भाचा बोलत नाही. आबा अजून पाट्याचं विचारतात.

कटकट आहे ती त्या दोन पैलवानांची. गाडी आपल्या वजनावर बसवलीय हे त्यांनी फार मनावर घेतलंय. तालमीवरून जाताना हात करून थांबवतात, बॉनेटवर थाप मारतात, "काय म्हंतोय बुश?" विचारतात. गेल्या रविवारी जोतिबाला निघालो होतो. आई पुढे, मी गाडी चालू केलेली. दोघे मागची दारं उघडून बसलेसुद्धा.

"एकटं जाऊ नका काका," थोरला दार लावत म्हणाला. "बुश पिळंल."