‘ओपन-सोर्सवरचं ऑनलाइन दुकान शेवटी महागात पडतं’: हा मेसेज कुठे चुकतो

ऑनलाइन दुकान काढायचं मनात आलं की हा मेसेज कुठून तरी येतोच. त्याचा आशय असा: ओपन-सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, नादी लागू नका. फुकट म्हणतात, पण शेवटी जास्तच पैसे जातात. कोड सगळ्यांसाठी उघडा असल्यामुळे चोरांचं फावतं. गिऱ्हाईक वाढलं की साइट बसते. अडलं तर विचारायला कोणी नाही. त्यापेक्षा महिन्याचं भाडं भरून तयार दुकान घ्या, पुढे वाटलं तर हलवता येईल.

मी अशी दुकानं उभारतो आणि सांभाळतो. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे ऐकून लोक चुकीच्या कारणांसाठी निर्णय घेतात, म्हणून एकेक तपासू.

आधी पैशांचं. वूकॉमर्स, प्रेस्टाशॉप, ओपनकार्ट, मॅजेंटोची खुली आवृत्ती या दुकान चालवायच्या ओपन-सोर्स सॉफ्टवेअरांचा परवाना विकत घ्यावा लागत नाही, एवढंच ‘फुकट’ या शब्दात येतं. होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा), थीम (दुकानाचं रूप), काही प्लगइनांची (जादा सोयी देणाऱ्या जोडण्यांची) वार्षिक वर्गणी, डेव्हलपरचे तास, अपडेट आणि बॅकअप यांचा खर्च असतोच. मेसेज हे सांगतो ते बरोबर आहे. पण हिशेबाची दुसरी बाजू तो कोरी सोडतो. भाड्याच्या दुकानालाही थीम लागते, पैसे देऊन घ्यायची अ‍ॅप्स लागतात, मनासारखा बदल हवा असेल तर डेव्हलपरही लागतो. काही सेवा पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या) शुल्काशिवाय प्रत्येक विक्रीतला वाटाही घेतात. हा वाटा विक्रीबरोबर वाढत जातो, सर्व्हरचा खर्च त्या गतीने वाढत नाही. मोजक्याच वस्तू विकायच्या असतील आणि देखभालीला वेळ नसेल, तर भाड्याचं दुकान घ्या असं मी स्वतः सांगितलं आहे. तो सल्ला सगळ्यांना सरसकट देणं मात्र चूक आहे.

‘कोड उघडा म्हणून असुरक्षित’ या वाक्याने सर्वांत जास्त नुकसान केलं आहे. व्यवस्थेची सुरक्षितता ती गुप्त ठेवण्यावर अवलंबून नसावी, फक्त किल्ली गुप्त असावी, हे तत्त्व गूढलेखनाचे अभ्यासक ऑग्युस्ट केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच मांडलं होतं. आजची बहुतेक एन्क्रिप्शन पद्धत, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती बंद करण्याची पद्धत, त्याच तत्त्वावर चालते.

प्रत्यक्षात काय घडतं ते बघा. जून 2024 मध्ये मॅजेंटोमध्ये ‘कॉस्मिकस्टिंग’ नावाने ओळखलं जाणारं गंभीर भगदाड सापडलं. त्यातून सर्व्हरवरच्या फायली वाचता येत होत्या. दुकानाची एन्क्रिप्शनची किल्ली एकदा हाती लागली की अ‍ॅडमिनच्या अधिकाराने पानात स्क्रिप्ट घुसवता येत होती. हे भगदाड मॅजेंटोच्या मोफत आवृत्तीत होतं आणि मॅजेंटोची मालक कंपनी अडोबीच्या पैसे मोजून घ्यायच्या आवृत्तीतही होतं. परवान्याचे पैसे भरून त्यापासून सुटका नव्हती. ज्यांनी वेळेत पॅच (दुरुस्तीचा कोड) लावला आणि जुनी किल्लीही बदलली, ते सुरक्षित राहिले. किल्ली न बदलणाऱ्यांचा धोका पॅच लावूनही टळला नव्हता, कारण चोरीला गेलेली किल्ली तशीच चालत होती.

आता उलट बाजू. जुलै 2021 मध्ये वूकॉमर्समध्ये गंभीर त्रुटी कळली, तेव्हा जुन्या-नव्या मिळून 90 हून अधिक आवृत्त्यांसाठी दुरुस्ती तयार झाली आणि ती दुकानांवर आपोआप पाठवायला लगेच सुरुवात झाली. लुटली गेलेली दुकानं जेव्हा जेव्हा माझ्यापुढे आली, तेव्हा कारण बहुधा एकच निघालं: महिनोन्‌महिने अपडेट केलेलं नव्हतं, किंवा कुठून तरी उतरवलेलं चोरीचं प्लगइन बसवलेलं होतं. भाड्याच्या दुकानात अपडेटची जबाबदारी सेवा देणारा घेतो, हा त्याचा खरा फायदा आहे. मेसेजने तो सांगितला असता तर माझी तक्रार नव्हती.

कार्डाचे तपशील तर नीट बांधलेल्या दुकानात तुमच्या सर्व्हरला शिवतही नाहीत. गिऱ्हाईक ते गेटवेच्या चौकटीत भरतं. तरीही त्या पानावर कोणकोणत्या स्क्रिप्ट चालतात यावर नजर ठेवावीच लागते, मग कोड उघडा असो की बंद.

‘गिऱ्हाईक वाढलं की साइट बसते.’ बसते, पण का बसते हे मेसेज सांगत नाही. वस्तूंची पानं एकदा तयार करून सगळ्यांना तीच दाखवता येतात, म्हणजे कॅशिंग करता येतं. टोपली आणि चेकआउट मात्र प्रत्येकाचं वेगळं असल्यामुळे दर वेळी डेटाबेसकडे जावं लागतं. सेलच्या दिवशी सगळा भार तिथे पडतो. स्वस्तातलं, शेकडो साइट्‌ससोबत वाटून घेतलेलं होस्टिंग आणि वर चाळीस प्लगइन असतील, तर ते तिथेच मोडणार.

वूकॉमर्सचा एक जुना दोष खरा होता. वूकॉमर्स ज्यावर चालतं त्या वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेख ज्या तक्त्यांत साठवले जातात, त्याच तक्त्यांत ऑर्डरीही ठेवल्या जात. पत्ता, रक्कम, फोन अशा प्रत्येक तपशिलाची वेगळी ओळ. ऑर्डरी लाखांत गेल्या की एक शोधतानाही दम लागायचा. पुढे ऑर्डरींसाठी स्वतंत्र तक्ते आले आणि ऑक्टोबर 2023 च्या 8.2 आवृत्तीपासून नव्या दुकानांत तेच मूळ सेटिंग झालं. ‘झेपत नाही’ म्हणणारे अनेकदा त्याआधीच्या अनुभवावर बोलत असतात. जुनं दुकान असेल तर हे सेटिंग बदललं आहे का, ते आजच बघा.

विचारायला कोणी नाही, हा मुद्दा इतिहासाला धरून नाही. कोड उघडा असल्यामुळे एकाचं काम दुसऱ्याला पुढे नेता येतं. 2000 साली सुरू झालेल्या ओएसकॉमर्स या दुकान-सॉफ्टवेअरच्या कोडमधून 2003 मध्ये झेन कार्ट निघालं. जिगोशॉपच्या कोडमधून 2011 मध्ये वूकॉमर्स उभं राहिलं. मॅजेंटो 1 चा अधिकृत पाठिंबा 30 जून 2020 ला संपला, तरी ओपनमेज या प्रकल्पाने त्याची देखभाल पुढे चालू ठेवली. त्याच मॅजेंटोची भाड्याने मिळणारी सेवा होती, मॅजेंटो गो. ती 1 फेब्रुवारी 2015 ला बंद झाली आणि तिच्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला बिऱ्हाड हलवावं लागलं. त्यांच्याकडे ती सेवा पुढे चालवण्यासाठी कोडच नव्हता.

राहिलं ‘पुढे हलवता येईल’. वस्तूंची यादी फाइल करून सहज बाहेर काढता येते, आणि लोकांना वाटतं की दुकान म्हणजे एवढंच. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सहसा मिळत नाहीत, सगळ्यांना नवे बनवायला सांगावं लागतं आणि त्यातले काही परत फिरकत नाहीत. साठवलेली कार्डं गेटवेच्या टोकनच्या (खऱ्या नंबराऐवजी वापरायच्या खुणेच्या) रूपात असतात. गेटवे बदलला की त्या दोन कंपन्यांनी आपसांत व्यवस्था केल्याशिवाय ती पुढे जात नाहीत. पानांचे पत्ते बदलतात, आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणी लावली नाही तर सर्च इंजिनातून येणारी माणसं रिकाम्या पानावर आदळतात. ओपन-सोर्स दुकानालाही हलताना कष्ट पडतात, पण तिथे संपूर्ण डेटाबेस, पासवर्डांच्या हॅशसकट (पासवर्डांच्या सांकेतिक रूपांसकट), तुमच्या हातात असतो. होस्टिंग बदलायचं असेल तर फायली आणि डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला की तेच दुकान उभं राहतं.

अर्थात, हे सगळं खरोखर तुमच्या हातात असेल तरच. मेसेजमध्ये नसलेला, पण मी वारंवार पाहिलेला धोका इथे आहे: डोमेन (साइटचा पत्ता) डेव्हलपरच्या नावावर, होस्टिंगचं खातं त्याच्या ईमेलवर, बॅकअप त्याच्याच संगणकात. तो माणूस फोन उचलेनासा झाला की उघड्या कोडचाही उपयोग उरत नाही. डोमेन आणि होस्टिंग पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यावर घ्या, प्लगइनांचे परवाने स्वतःच्या ईमेलवर घ्या, आणि बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवा. महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर चढवून दुकान उघडतं का, एक चाचणी ऑर्डर पूर्ण होते का, ते पाहा.