नऊ डोक्यांचा जावई

2023 चा जुलै. अधिक श्रावण लागून आठवडा झाला होता आणि आमच्या लेकीने मोबाइल टीव्हीला जोडला. तिथून माझे हाल सुरू झाले.

मालिका चिनी. तिकडचं नाव 'चांग शियांग स', इंग्रजीत 'लॉस्ट यू फॉरेव्हर'. देव, राक्षस, राजवाडे, ढगांवरून ये-जा, आणि या सगळ्यात एक मुलगी आणि तीन स्थळं. बोलणं चिनी, खाली अक्षरं इंग्रजी. लेक ती अक्षरं पाणी प्यायल्यासारखी वाचते. आईला इंग्रजी वाचता येतं, पण तिचे पहिले तीन शब्द लागेपर्यंत राजा दरबार आटोपून झोपायला गेलेला असतो. शेजारच्या मावशी चष्मा घरी विसरतात. रोज विसरतात. त्यामुळे रात्री साडेनऊ ते साडेदहा मी दुभाषी. बिनपगारी.

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"एवढा वेळ ओठ हलत होते आणि नुसतं बरं?"

आता तो म्हणाला होता की चंद्र मावळला, समुद्र आटला, तरी या हृदयातली ती एक ज्योत विझणार नाही. हे मी, हातात पोळीचा डबा धरून, माझ्या आईला कोणत्या तोंडाने सांगणार?

नावांनी तर रडवलं. नायिका शियाओयाओ. ही राजकन्या, पण सुरुवातीला पुरुषाच्या वेषात गावात वैद्यकी करते, तेव्हा तिचं नाव शियाओलिऊ. तिच्यामागे लागलेल्यांपैकी एक शियांग लिऊ. तो मध्येच वेष बदलून फांगफेंग बेई होतो. दुसरा तूशान जिंग, पण तो तिला जखमी अवस्थेत सापडला तेव्हा तिने त्याचं नाव ठेवलं 'शिछी', म्हणजे सतरा.

"सतरा? आकडा?"

"हो."

"आणि सोळावा कुठे गेला?"

शेवटी आईनेच सगळ्यांचं बारसं केलं. तूशानचा तुषार झाला. शियांग लिऊचे केस पांढरेशुभ्र, म्हणून तो पांढऱ्या. तिसरा त्सांग श्वेन, तो मामेभाऊ, कारण तो खरोखरच नायिकेच्या मामाचा मुलगा. दोघं लहानपणी एकत्र वाढली, मग तीनशे वर्षं ताटातूट, आणि आता हा राजा व्हायला निघालेला. मला वाटलं, नात्यातलं स्थळ, आई लगेच पसंत करेल. आईने ते दोन मिनिटांत निकालात काढलं. "मामाची मुलगी करतात. आत्याची मुलगी आपल्यात करत नाहीत. उलटं झालं ते." झालं. तो पुढे जे काही करायचा, त्यावर आई "आतेबहीण आहे रे तुझी" एवढंच टीव्हीला सांगायची.

मावशी पहिल्या आठवड्यापासून तुषारच्या. बोलणं मऊ, स्वभाव सालस, घराणं सगळ्या राज्यांत श्रीमंत. "व्यापारी लोक आहेत, मुलीला कमी पडायचं नाही," असं त्या ज्या खात्रीने म्हणत, त्यावरून मला वाटायचं की पत्रिका पर्समध्ये घेऊनच आल्या आहेत. त्याचं लग्न आजीने आधीच दुसरीकडे ठरवून ठेवलंय, हे मी तीन वेळा भाषांतर करून सांगितलं. "आजी आज आहे, उद्या नाही," मावशी म्हणाल्या.

लेक पांढऱ्याची. तिच्या फोनवर तो, तिच्या लॅपटॉपवर तो, आणि परीक्षेच्या पॅडलाही आतून तोच चिकटवलेला. हा पांढऱ्या म्हणजे नऊ डोक्यांचा समुद्रातला राक्षस. सहसा एकच डोकं दाखवतात, तेही तान जियानत्सी नावाच्या नटाचं, त्यामुळे तक्रार नाही. लेकीने वर माहितीही पुरवली की 'शानहाय जिंग' या चिन्यांच्या फार जुन्या ग्रंथातही हा शियांग लिऊ आहे, सापाच्या अंगाचा, नऊ डोक्यांचा, आणि तो जिथे टेकतो तिथे दलदल होते.

"नऊ? म्हणजे रावणाला एक कमी," आई म्हणाली. आणि मटार सोलता सोलता थांबली. "अधिक महिना आहे. जावयाला 33 अनारसे द्यायचे असतात. याला प्रत्येक तोंडाला 33 म्हटले तर..."

"297," लेक म्हणाली.

"तळणार कोण?"

सगळ्यात कठीण परीक्षा किड्याची होती. नायिकेच्या आणि पांढऱ्याच्या अंगात एक जादूचा किडा असतो, जोडीचा. एकाला दुखलं की दुसऱ्याला कळतं. खाली इंग्रजीत 'प्रेमिकांचा किडा' अशा अर्थाचं काहीतरी आलं. मी दिवसभर ऑफिसात डोकं घालून आलेली, माझ्या तोंडून निघालं, "दोघांच्या पोटात जंत आहेत."

खोलीत शांतता.

"मग औषध घ्यायचं ना," आई म्हणाली. "वैद्य आहे ना ती?"

पुढचे कितीतरी भाग तो छातीवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभा राहिला की मावशी हळूच "जंत" म्हणायच्या. लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आई तोवर कोणाचीच नव्हती. तिचं म्हणणं, वैद्यकी चांगली चालली होती, गावात मान होता, ही तीन बांडगुळं हवीत कशाला. पण मग तो शिंपल्याचा भाग आला. नायिकेवर हल्ला होतो, ती जवळजवळ संपलेली. पांढऱ्या तिला समुद्राच्या तळाशी नेतो, मोठ्या शिंपल्यात निजवतो आणि स्वतःचं रक्त देऊन 37 वर्षं जगवतो. जागी झाल्यावर कौतुकाचा, प्रेमाचा एक शब्द नाही. उलट वाकडंच बोलतो. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर आईने हात वर केला. "राहू दे. कळलं मला."

रात्री भांडी लावताना म्हणाली, "तुझे बाबा असेच. चाळीस वर्षांत भाजी चांगली झाली म्हणून तोंडातून शब्द नाही. पण ताट बघायचं त्यांचं. धुवायचं कशाला, असं वाटायचं."

म्हणजे दिवाळीत चिनी माळा नकोत म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालणारी माझी आई आता चिनी राक्षसाच्या बाजूला गेली. मावशींना हे लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडची वाटी परत केली ती रिकामी. आमच्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना परिस्थिती किती चिघळली होती ते कळेल.

39 भाग झाले आणि मालिका थांबली. गोष्ट अर्धीच. झालं असं की तिकडच्या सरकारी खात्याने 2020 मध्ये मालिकांना 40 भागांची वेस आखून दिली, आणि ही गोष्ट 62 भागांची. म्हणून उरलेले 23 पुढच्या हंगामात. लेकीने हे समजावल्यावर आई हळहळली. "नियम चांगला आहे. आपल्याकडे का नाही?" कारण आमच्याकडच्या एका मालिकेत एक बाई सात महिने जिना उतरत होती.

वर्षभर आई अधूनमधून, कुकरची शिट्टी मोजावी तशा सहज आवाजात विचारायची, "त्याचं काही कळलं का?" लेकीला सगळं ठाऊक होतं. मूळ कादंबरी कधीच छापून आलेली, वाचलेले लोक आधीच रडून बसलेले. चीनमध्येही प्रेक्षकांचे हेच तीन तट, फक्त आमच्या मावशींपेक्षा जास्त टायपिंग करणारे. लेकीने मला शपथ घातली होती, आजीला सांगायचं नाही.

2024 च्या जुलैत दुसरा हंगाम आला. बाहेर धो धो पाऊस, घरात दोऱ्यांवर ओले कपडे, त्यातून वाट काढत मावशी यायच्या. नायिकेचं लग्न भलत्याच चौथ्याशी लागत असतं आणि ऐन मांडवात पांढऱ्या येऊन तिला घेऊन जातो. आई पाटावरून उठून उभी राहिली. "सावधान ऐकून नवरा पळालेला माहीत होता. नवरी पळवलेली आज बघितली!" मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमच्या तुषारने सांगितलं म्हणून आला तो." आणि ते खरं निघालं. भाषांतर करताना माझी मान खाली गेली.

मग तो दिवस आला. बेट, चारी बाजूंनी सैन्य, बाणांचा पाऊस, आणि मध्ये एकटा पांढऱ्या. लेक उशीत तोंड खुपसून बसलेली. खाली अक्षरं येत होती, मी वाचत नव्हते.

"समुद्रात गेला," मी म्हटलं. "घरी. तो समुद्रातलाच ना."

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. "वर्षभर मला बरं म्हणाला, बरं म्हणाला करून फसवलंस. आता नको." आणि उठून देवापाशी दिवा लावून आली. रात्रीच्या पावणेअकराला.

शेवटी शियाओयाओ तुषारची झाली. तो भाग आईने बघितला नाही, खोलीत पडून राहिली. सकाळी आठ वाजता बेल वाजली. दारात मावशी, चष्मा लावून, इस्त्रीची साडी, हातात पेढ्यांचा डबा.

"जमलं हो एकदाचं!"

मी त्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण चष्मा लावूनही त्यांना ते दिसेना. आतून आईचा आवाज आला. "त्यांना सांग, आमच्याकडे सुतक आहे."

मावशींचा हात तिथेच थांबला. डबा पुढे करावा की मागे घ्यावा ते त्यांना कळेना, आणि घ्यावा की नाही ते मला. जिन्यातून वर जाणारे पेपरवाले काका दचकून म्हणाले, "अरेरे, कोण गेलं?" लेक बाथरूममधून ब्रश तोंडात ठेवूनच ओरडली, "शियांग लिऊ!" काकांनी "कधी ऐकलं नव्हतं, बाहेरगावी होते का?" असं विचारून हात जोडले आणि पेपर देऊन गेले.

मावशी डबा चपलांच्या स्टँडवर ठेवून, आवाज न करता निघून गेल्या.

मी आत गेले. आई छताकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पेढे कुठले?"

"साताऱ्याचे. कंदी."

पंखा दोन-चार वेळा फिरला.

"लांबच्या नात्याला तीनच दिवसांचं असतं," आई म्हणाली. "डबा फ्रिजमध्ये ठेव. मुंग्या लागतील."